जड मोटरसायकल आणि घाटाचा उतार

साडेसहाशे सीसीची, २४१ किलो वजनाची रॉयल एनफिल्ड सुपर मिटिऑर मोटरसायकल घेऊन मी सह्याद्रीतले घाट हिंडते, हे कळल्यावर समोरच्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो, की एवढे धूड चढावर ओढते का. प्रश्न काळजीपोटी येतो हे मला समजते, पण काळजी चुकीच्या दिशेची आहे. चढावर ही गाडी चालकाकडून फारसे काही मागत नाही. ॲक्सिलरेटर जरा सैल सोडला की चढच तिला आवरतो, ब्रेकला हात लावण्याची वेळ क्वचित येते, आणि आजच्या कोणत्याही मोठ्या इंजिनात सह्याद्रीच्या चढाला पुरून उरेल एवढी ताकद असतेच. (शोरूममध्ये मात्र अजूनही टॉर्कचे, म्हणजे इंजिनाच्या ओढीचेच गुणगान ऐकावे लागते.) जड गाडी चालवणाऱ्याचा कस लागतो तो उतरताना, आणि वेग अगदी कमी झाल्यावर, मग तो चढ का असेना. या दोन गोष्टींबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी उताराचा हिशोब मांडू. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना आपण बाराशे मीटरहून अधिक खाली येतो. गाडी, चालक आणि सामान मिळून ३५० किलो वजन धरले, तर एवढ्या उतरणीत सुमारे ४१ लाख ज्यूल ऊर्जा कुठे ना कुठे जिरवावी लागते. खोलीच्या तापमानाचे तेरा लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ही ऊर्जा आहे. घाटातल्या वेगाला हवेचा विरोध त्यातली थोडीच खातो. उरलेली एकतर इंजिनाने पचवायची किंवा ब्रेकच्या दोन डिस्क आणि त्यांवर घासणाऱ्या पॅडनी. मागे माणूस बसला, दोन्ही बाजूंच्या बॅगा भरल्या, की आकडा त्याच प्रमाणात वाढतो.

पॅड सतत घासत राहिले की ती उष्णता पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण हे ऑइल हवेतले बाष्प शोषत राहते, आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. कोकणाच्या दमट हवेत राहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर हाताला मऊ लागून मुठीपर्यंत येते, पण गाडी थांबत नाही. नवे पॅड, चांगले टायर, महागडे जॅकेट यांवर पैसा करणारी मंडळी दोन-दोन वर्षे ब्रेक ऑइल बदलत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते.

यावरचा उपाय जुन्या एसटी चालकांना आणि ट्रकवाल्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये तो उतरा. जड मोटरसायकलीला हा नियम अक्षरशः लागू पडतो. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर बंद ठेवला की इंजिन स्वतःच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक फक्त वळणाच्या तोंडाशी लागतो, तोही काही क्षण दाबून लगेच सोडून देण्यापुरता. याच्या अगदी उलट सवय म्हणजे पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून घाट उतरवणे. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडेफार तथ्य असेलही. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत मात्र गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण बंद केला, की इंजिनाला होणारा पेट्रोलचा पुरवठा बहुतेक वेळ तोडला जातो, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळत राहते. म्हणजे या सवयीत सुरक्षितता जाते आणि पेट्रोलही वाचत नाही. निलगिरीतल्या उटी ते मसिनगुडी या कल्हट्टी घाटात क्रमांक घातलेली ३६ हेअरपिन वळणे, म्हणजे रस्ता जवळजवळ उलटा फिरवणारी वळणे, आहेत, आणि तिथे बाहेरगावच्या वाहनांना खाली उतरायला मनाई केली जाते. वर चढायला तशी आडकाठी नाही. तिथल्या प्रशासनाने अपघातांचे कारण नेमके ओळखले आहे. आपल्याकडे बोरघाटातला शिंगरोबाच्या देवळापासचा उतारही याच जातीचा आहे, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना मनाई असल्यामुळे आम्हाला जुन्या रस्त्याचा हा भाग टाळता येत नाही.

उतारावर आणखी एक गोष्ट घडते. वजन आधीच पुढच्या चाकाकडे झुकलेले असते, ब्रेक दाबला की ते अधिक झुकते, आणि मागचे चाक इतके हलके होते की त्याचा ब्रेक जरा जास्त दाबला तरी टायर सरकू लागतो. म्हणून वेग कमी करण्याचे मुख्य काम पुढच्या ब्रेकने, गाडी सरळ उभी असताना, वळणाच्या आधीच उरकावे लागते. भारतात १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले, ही मोठी चांगली गोष्ट झाली. परंतु एबीएस चाक अडकू देत नाही, एवढेच त्याचे काम आहे. कच पसरलेल्या उतारावर ते गाडी लवकर थांबवते असा समज करून घेऊ नये; तिथे थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते.

आता वळणाकडे येते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या डोंगरी रस्त्यांच्या मानकांत हेअरपिन वळणाच्या आतल्या कडेची त्रिज्या किमान १४ मीटर आणि वेग ताशी २० किलोमीटर धरलेला आहे. रस्त्याचा आडवा उतार क्षणभर बाजूला ठेवला, तर १४ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० ला गाडी सुमारे १३ अंश कलते, ताशी ३० ला २७ अंश, आणि ताशी ४० ला ४२ अंश. माझ्या गाडीचे फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) त्याच्या बरेच आधी रस्त्याला घासतील. या हिशोबात गाडीचे वजन कुठेच येत नाही. हलकी असो वा जड, त्याच वेगाला त्याच वळणावर तिला साधारण तेवढेच कलावे लागते. वजन आड येते ते कलण्यापूर्वी आणि कलल्यानंतर. गाडीला आडवे घालायला आणि पुन्हा उभे करायला जोर लागतो, आणि तो नुसते अंग झुकवून मिळत नाही. डावीकडे वळायचे तर हँडलची डावी मूठ पुढे रेटावी लागते. ऐकायला हे उफराटे वाटते, पण चालत्या दुचाकीचे शास्त्र असेच आहे, आणि नागमोडी घाटात एका वळणातून लगेच दुसऱ्या वळणात जाताना हे हाताला ठाऊक नसेल तर माणूस तासाभरात थकतो.

सर्वांत अवघड प्रसंग माझ्या मते चढावरच्या डाव्या हेअरपिनचा. आपण डावीकडून वाहन चालवत असल्यामुळे या वळणात आपल्या वाट्याला आतली बाजू येते. वळणाच्या आत आणि बाहेर उंचीतला फरक तोच असतो, पण आतून जाताना अंतर कमी असते, म्हणून आतला चढ बाहेरच्यापेक्षा खडा होतो. शिवाय ट्रकची मागची चाके आतली कड कापून जातात, त्यामुळे तिथली साइडपट्टी उखडलेली असते आणि खडी रस्त्यावर आलेली असते. अशा जागी वेग ताशी दहाच्या खाली आला आणि इंजिन गचका देऊन बंद पडले, तर डावा पाय टेकायला जावा तो रस्ता त्याच बाजूला उतरता. ठरवलेल्या ठिकाणी जमीन लागत नाही. एका बाजूला कलून सुटलेली २४१ किलोची गाडी धरून ठेवण्याचा प्रयत्न कोणी करू नये, मग तो कितीही धडधाकट असो. खांदा निखळण्यापेक्षा क्रॅशगार्ड वाकलेला परवडतो.

हे टाळण्याची रीत अशी, की वळणात शिरण्याआधी आपल्याच लेनमध्ये मधल्या पट्टीच्या बाजूला राहावे, पहिला गिअर आधीच टाकावा, मान वळवून वळण जिथे संपते तिथे नजर ठेवावी, आणि आत उशिरा शिरावे. क्लच अर्धा, ॲक्सिलरेटर किंचित उघडा, मागचा ब्रेक हलका लावलेला, अशी तिन्हींची सांगड घातली की जड गाडी चालण्याच्या वेगालाही ताठ राहते. पुढच्या ब्रेकला मात्र त्या वेळी स्पर्श करू नये, कारण हँडल वळलेले असताना तो दाबला की गाडी त्याच बाजूला लोळण घेते. समोरून एसटी येत असेल तर वळणाच्या अलीकडे, सरळ रस्त्यावरच थांबावे. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे असा नियम आहे, पण लांब बसला हेअरपिन घ्यायला अख्खा रस्ता लागतो, आणि तिच्याशी नियमावरून हुज्जत घालण्याची ती जागा नव्हे.

उजवी वळणे त्यामानाने ऐसपैस, आणि म्हणून फसवी. गाडीची चाके मधल्या पट्टीच्या आत असतात, पण कललेल्या चालकाचे डोके आणि खांदा पट्टीच्या पलीकडे, समोरच्या वाहनाच्या वाटेत गेलेले असतात. समाजमाध्यमांवर दिमाखाने टाकलेली आपली छायाचित्रे एकदा या नजरेने पाहावीत, अशी माझी तरुण मित्रमैत्रिणींना विनंती आहे.

रस्त्याच्या पृष्ठभागाबद्दल थोडक्यात. पहिल्या पावसात ट्रकच्या टाकीतून सांडलेले डिझेल वळणांवरच सापडते, पावसाळा सरत आला की झाडांच्या सावलीतल्या डांबरावर शेवाळ धरते, आणि आंबोलीसारख्या घाटात धबधब्यापाशी रस्त्यावर गाड्यांपेक्षा माणसे जास्त असतात. या तिन्हींवर वेग कमी ठेवण्याखेरीज दुसरा इलाज मला माहीत नाही.

माझी खरी तक्रार शिकवणीबद्दल आहे. आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलीचा परवाना शंभर सीसीच्या गाडीवर चाचणी देऊन मिळतो, आणि त्याच परवान्यावर दुसऱ्या दिवशी होंडाची अठराशे सीसीची गोल्ड विंगही चालवता येते. युरोपीय संघात ए-१, ए-२ आणि ए अशा पायऱ्या आहेत; ए-२ च्या परवान्यावर ३५ किलोवॉट ताकदीपर्यंतचीच गाडी चालवता येते. ब्रिटनमध्ये मोटरसायकलच्या पहिल्या प्रात्यक्षिक चाचणीत संथ गतीने चालवणे आणि यू-टर्न घेणे यांचाही समावेश आहे. ताकदीवर मर्यादा घालावी असे माझे म्हणणे नाही, कारण माझा रोख ताकदीवर नाहीच. मोठी गाडी विकत घेणाऱ्याने ती रिकाम्या मैदानात, चालत्या माणसाच्या वेगाने, दोन्ही बाजूंना वळवून दाखवावी, आणि उतारावर थांबवून पुन्हा सुरू करून दाखवावी, एवढी चाचणी असावी. उंचीने कमी असलेल्यांना, आणि त्यात आम्ही बहुतांश स्त्रिया आलो, हा सराव तर फार उपयोगी पडतो. माझ्या गाडीची सीट ७४० मिलिमीटरवर आहे म्हणून मी ती निवडली. वजनाने २०० किलोच्या आत असलेल्या हिमालयन ४५० ची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे, आणि थांबताना तीच मला अधिक जड वाटते, कारण पाय पूर्ण टेकत नाहीत.

थांबण्यावरून आणखी एक सांगायचे राहिले. घाटात देखावा पाहायला किंवा कणीस खायला थांबताना गाडी कधीही उताराकडे तोंड करून, कठड्याला नाक लावून उभी करू नये, कारण तिथून ती मागे ओढून काढायला दोन माणसे लागतात. गोल्ड विंगला रिव्हर्स गिअर असतो, तिच्या मालकांनी खुशाल करावी. बाकीच्यांनी तोंड चढाकडे ठेवावे, पहिला गिअर टाकून इंजिन बंद करावे, आणि उतरण्याआधी डावीकडची जमीन नीट पाहून घ्यावी. ती जास्त उंच असेल तर साइड स्टँडवरची गाडी उजवीकडे उलटते, आणि जास्त खोल असेल तर इतकी कलते की निघताना ती एकट्याने उभी करता येत नाही.