कपडा मांडी घालून पारखावा

गेल्या भाद्रपदात गौरीजेवणाच्या दिवशी मी हौसेने घेतलेली जाळीदार, टिकल्यांची साडी नेसून सकाळी सातला स्वयंपाकघरात शिरले आणि दुपारी शेवटची पंगत उठेपर्यंत माझ्या दोन्ही हातांवर, कोपराच्या आतल्या बाजूला, लाल ओरखडे उमटले होते. कमरेवर परकराच्या नाडीचा वळ होता तो निराळाच. आत्यांना हात दाखवला, तर "सणावाराला एवढं सोसावंच लागतं," म्हणाल्या. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही मला हे पटत नाही, कारण ज्या परंपरेच्या नावाने आपण सोसतो, तिच्या कपड्यांत सोयीचा विचार आधीपासूनच होता.

नऊवारीचेच पाहा. काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात, पाटावर मांडी घालता येते, वाकून पंगतीला वाढता येते आणि मंगळागौरीच्या जागरणात फुगडीही घालता येते. पूजेच्या वेळी रेशमी कद किंवा मुकटा नेसण्यामागे सोवळ्याची कल्पना आहे, ती ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे मानावी. परंतु होमाशेजारी बसणाऱ्याला रेशमाचा एक उपयोग नक्कीच होतो. ठिणगी पडली तर रेशीम केसासारखे हळू जळते आणि बहुधा आपोआप विझते, पॉलिएस्टर मात्र वितळून कातडीला चिकटते. घामाचेही तसेच आहे. सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के आणि रेशीम सुमारे ११ टक्के ओलावा हवेतून सहज धरून ठेवते, तर पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. मग सत्यनारायणाच्या पाचव्या अध्यायापर्यंत पाठ चिकचिकली तर नवल ते काय? (दुकानात 'आर्ट सिल्क' ऐकून भुलू नये. त्यातला 'आर्ट' कलेचा नसून कृत्रिमपणाचा आहे.)

म्हणून हल्ली मी दुकानातच मांडी घालून बसून पाहते, आरतीला टाळ्या वाजवताना करावेत तसे हात वर करते आणि ब्लाउज बगलेत काचतो का ते तपासते. विक्रेते हसतात, हसोत. अस्तर सुतीच हवे, असे शिंप्याला बजावून सांगावे लागते, कारण न सांगितल्यास वरचे कापड कितीही चांगले असले तरी आत निसरडे अस्तर लागण्याची शक्यता असते. लहान मुलांच्या जरीच्या कपड्यांखाली सुती बनियन घातली की त्यांची निम्मी किरकिर थांबते. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना चुणीदाराऐवजी सैल पायजमा द्यावा आणि त्यावर कोणी शेरे मारू नयेत.

आमच्याकडे उभ्याच्या गौरी असतात. यंदा त्यांना भरजरी पैठण्या नेसवणार आहे, कारण त्यांना तीन दिवस नुसते उभे राहायचे आहे. मी मात्र जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती इरकल काढून ठेवली आहे.