'सगळं धरून' म्हणजे नक्की काय धरून?

घरसामान हलवायचं, कोथरूड ते बेंगळुरू, जवळजवळ 840 किलोमीटर. पॅकर्स-मूव्हर्सवाल्याचं फोनवर कोटेशन 28 हजार. "सगळं धरून, साहेब!"

सगळं म्हणजे? 18 टक्के जीएसटी वेगळा. विमा वेगळा. तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्याचे वेगळे. ट्रक गल्लीत शिरत नाही म्हणून आधी छोटा हत्ती, त्याचेही वेगळे! मग 28 हजारांत काय येतं, नुसता नमस्कार?

आणि हे कळतं कधी? गाद्या ट्रकमध्ये चढल्यावर. तेव्हा घासाघीस करणार कोण? वर "चहापाण्याचं बघा" आहेच.

आईच्या लोणच्याच्या बरणीला सहा पदरी बबल रॅप, बिलात 'नाजूक वस्तू' म्हणून जादा पैसे. बरणी पोचली. झाकण कुठंय?