नॅक येणार? मग अभिप्राय असे गोळा करा

कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची टीम कॉलेजात यायची आहे आणि विद्यार्थ्यांचं समाधान अजून तयार नाही? घाबरू नका. लेकीच्या टीसीसाठी परवा बेळगावातल्या एका कॉलेजच्या खिडकीपाशी ताटकळत जे शिकलो, ते फुकट सांगतो.

सुरुवात रंगापासून. आधी भिंती, मग आकडे.

अभिप्रायाचा फॉर्म नेहमी नडीच्या कागदाआड लावावा. हॉल तिकीट, मार्क्स कार्ड, टीसी, काहीही चालतं. 'आधी फॉर्म, मग टीसी' म्हटलं की शंभर टक्के प्रतिसाद. आमच्या लेकीला एम.ए.ला कोल्हापूर गाठायचं होतं आणि तिथली मुदत संपत आली होती. इथे खिडकीवर साडेअकरालाच 'जेवणाची सुट्टी'ची पाटी. त्या पाटीखाली उभं राहून तिनं मोबाइलवर प्रश्न वाचला: कार्यालयाची सेवा कितपत तत्पर आहे? पोरीनं पाचपैकी दोन दिले. मला तर तेही जास्तच वाटले. फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'तुमचं नाव गुप्त राहील'. पाटी निघाली आणि आतून साहेबांनी तिला नावानं हाक मारली, "दोन कशाला दिलंय गं? अ‍ॅव्हरेज खाली येतंय की! परत भर जा." परत भरला. पाच दिले. टीसी मिळाली. गुणवत्ता वाढते ती अशी, आणि तिला जागेवरून उठावंही लागत नाही.

प्रश्न इंग्रजी आणि कन्नडमध्येच ठेवा. खानापूर-निपाणीकडची मराठी माध्यमातली पोरं अंदाजानं 'उत्तम'वर बोट ठेवतात.

सूचनापेटीला कुलूप दणकट घ्या. किल्लीचं नंतर बघू.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2023च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण समितीनं 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. म्हणून तक्रार लेखी घेऊच नये. "सांगितलास न्हवं, बघूया की," म्हणावं आणि इतिवृत्तात 'एकही तक्रार नाही' असं अभिमानानं लिहावं.

नॅकचा स्वतःचा सर्व्हे मात्र थेट विद्यार्थ्यांच्या ईमेलवर जातो. तिथं जरा पंचाईत. त्यासाठी एक तास राखून वर्गात उत्तरं शिकवा. सिलॅबस राहिला तरी चालेल, कारण 'सिलॅबस किती झाला?' हा प्रश्नही त्यातच आहे. तसे ते वीस प्रश्न बहुतेक शिकवण्याबद्दलचे. खिडकी, संडास, स्कॉलरशिपचा अडकलेला अर्ज, यांचं त्यात कुणी विचारत नाही. शेवटी तीन सूचना लिहायची जागा असते, तिथं 'नथिंग' लिहायला सांगा.

मग राहिला अ‍ॅक्शन टेकन रिपोर्ट, म्हणजे अभिप्रायांवर काय केलं त्याचा अहवाल. गेल्या वर्षीचाच घ्या, साल तेवढं बदला. 'सूचना संबंधितांना कळवण्यात आली' हे वाक्य कुठेही बसतं.

आणि हे सगळं कशासाठी हो? नॅकच्या सात निकषांतला पाचवा अख्खा निकष विद्यार्थ्यांना मदत आणि त्यांची प्रगती यांचा आहे. त्याच्या फायली तुम्ही रात्र रात्र जागून रचता, आणि ज्यांच्या नावानं रचता त्या पोरांना दमात घेता! लाज वाटत नाही? जांबोटी-कणकुंबीकडून पहाटेची गाडी धरून येणाऱ्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. हे त्यांनी फॉर्ममध्ये लिहिलंय. मागच्या वर्षीही लिहिलं होतं, लेकीनं मला दाखवलं. तुम्ही त्याचं काय केलंत? सरासरी काढलीत! चार पॉइंट काही! रंगीत तक्ता करून वेबसाइटवर टाकलात!

दोन गुण मिळाले तर दोन दाखवा. कुठे कमी पडलो, काय केलं, काय जमलं नाही आणि का, हे नोटीस बोर्डावर मराठीतही लावा, पोरांची नावं न घेता. टीम यायची वाट बघू नका. खडे बाजारात कडी मिळते. शिपायाला आजच पाठवा.