गळाला मासा लागणं निव्वळ नशिबाचं काम नाही

किनाऱ्यावरून गळ टाकणं म्हणजे जुगार, असं सांगणारा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यात चार दावे आहेत: मासा मिळणं नशिबावर; महागडा रॉड असेल तरच काही हाती लागतं; गळ टाकून गप्प बसणं हाच संयम; आणि पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून खडकावर मासाच मासा. पहिले तीन नवख्यांना निराश करतात. चौथा जीव घेऊ शकतो.

आधी नशीब. आज मासा लागेलच अशी हमी कुणीच देणार नाही. पण पाण्यात मासे सगळीकडे सारखे नसतात. पाणी हललं की खाद्य हलतं, त्यामागे मासा येतो. म्हणून कोकणातला जाणता माणूस निघण्याआधी तिथी बघतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या आसपास भरती किती वाजता पुरी होते याचा अंदाज येतो: चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता. रत्नागिरी-मालवणकडे ती थोडी आधी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला जोर असतो, अष्टमीच्या सुमारास भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, ओढ कमी.

वेळ कळली की जागा. ओहोटीला पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, एक फेरी मारा. वाळूचे उंचवटे, त्यांच्यामधली पाणी साचलेली घळ, खडकाची कड, सगळं तेव्हा उघडं पडलेलं असतं. भरती चढू लागली की मासा त्याच घळीतून आत येतो. पाणी भरल्यावर दोन्ही बाजूंना लाटा फुटतात आणि मधला एक पट्टा फुटत नाही, तो खोल असतो. गळ तिथे टाका, पण स्वतः तिथे उतरू नका. परतणारं पाणी त्याच वाटेने बाहेर ओढतं. मुडदुशी ही मासळी तर कडेच्या ढवळलेल्या वाळूतले किडे खाते. तिच्यासाठी लांब फेकायचीही गरज नाही.

महागड्या रॉडचं म्हणाल, तर हातात नुसती दोरी, शिसं आणि गळ घेऊन मासे धरणारे कोकणात आजही आहेत. धार मात्र हवी. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर तिरकं टेकवून हलकेच ओढा: रुतलं तर ठीक, घसरलं तर कानस मारा किंवा गळ बदला. आमिषाला कोलंबी ताजी, घट्ट घ्या. बर्फात राहून लिबलिबीत झालेली फेकतानाच गळून पडते आणि माणूस रिकाम्या गळावर तासभर बसतो.

इथेच तिसरा दावा ढासळतो. खेकडे आमिष गुपचूप साफ करतात, म्हणून दर थोड्या वेळाने दोरी ओढून बघायलाच हवी. काही लागत नसेल तर वीस पावलं सरका, आमिष बदला. तिथी, वारा, जागा, आमिष वहीत टिपून ठेवलं तर पुढच्या पंधरवड्यात त्याच तिथीला ते कामी येतं. सोबत पक्कड ठेवा. शिंगाळा या माशाचा काटा विषारी असतो, तो हाताने सोडवू नये.

आता पावसाळा. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. खडकावर शेवाळ माजतं, लाटांचा नेम नसतो. त्या दिवसांत खडकावर न जाणं हीच तयारी. इतर महिन्यांतही खडकावर उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लांबून लाटा बघा. एवढ्या वेळात जो खडक एकदाही भिजला, त्यावर उभं राहू नका.