निळ्या टोपणाची नळी आणि रक्तातले शिसे : एका प्रतिक्रियेला उत्तर

रक्तातील सूक्ष्म मूलद्रव्ये (शिसे, जस्त, क्रोमियम यांसारखी अत्यल्प प्रमाणातली मूलद्रव्ये) मोजण्याच्या पद्धतींवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. पहिला, अशा मूलद्रव्यांपासून शक्य तितकी मुक्त ठेवलेल्या, गडद निळ्या टोपणाच्या वेगळ्या नळीचा आग्रह म्हणजे रुग्णाच्या खिशाला कात्री. आणि दुसरा, आयसीपी-एमएससारखे (नमुन्यातल्या अणूंचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, करून ते मोजणारे) यंत्र लिटरमागे नॅनोग्रॅमपर्यंत मोजत असताना रक्त कसे काढले याची चर्चा करणे म्हणजे निव्वळ सोवळेपणा. हा शब्द मला पटला. फक्त या सोवळ्यातला विटाळ खरोखरच मोजता येतो.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने लहान मुलांसाठी शिशाची संदर्भपातळी २०२१ मध्ये डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम अशी ठरवली. बोटाला टोचून ५० मायक्रोलिटरचा थेंब घेतला, तर या पातळीला त्यात जेमतेम १.७५ नॅनोग्रॅम शिसे असते. ज्या जुन्या रंगात शेकडा १ शिसे आहे, त्याची पाव मायक्रोग्रॅमहूनही कमी धूळ बोटावर राहिली, तरी आकडा दुप्पट होतो, आणि ती धूळ डोळ्यांना दिसतही नाही. यंत्र जितके संवेदनशील तितका हा विटाळ त्याला अधिक स्पष्ट दिसतो. पण ते शिसे रक्तातले की कातडीवरचे, हे त्याला सांगता येत नाही. म्हणूनच बोटाच्या रक्तात शिसे जास्त आढळल्यास शिरेतून रक्त घेऊन खात्री करतात. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कांमधले शिसे मोजून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले, त्याआधी त्यांची कित्येक वर्षे प्रयोगशाळेतल्या हवेतले, आम्लातले आणि भांड्यांवरचे शिसे हटवण्यातच गेली होती.

क्रोमियमचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. काही दशकांपूर्वी निरोगी माणसाच्या सीरममधील (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवातील) क्रोमियमचे जे आकडे प्रसिद्ध होत, ते आजच्या आकड्यांच्या शंभर पटींहूनही मोठे असत. माणसे बदलली नव्हती. स्टेनलेस स्टीलच्या सुईतून, नळीतून आणि हाताळणीतून क्रोमियम नमुन्यात उतरत होते. त्या काळच्या ग्रॅफाइट फर्नेसमध्ये (नमुना तापवून त्याने शोषलेल्या प्रकाशावरून मूलद्रव्य मोजणाऱ्या यंत्रात) नमुन्यातल्या इतर पदार्थांनी शोषलेला प्रकाश नीट वजा होत नसे, हेही खरे. सगळा दोष सुईवर टाकणे अन्यायाचे होईल.

आता यंत्राविषयी. आयसीपी-एमएस मुख्यतः आयनाचे वस्तुमान पाहते. आर्सेनिकचे वस्तुमान ७५. यंत्रातल्या प्लाझ्मातला (अतितप्त वायूतला, रक्तातला नव्हे) ४० चा आर्गॉन आणि रक्तातल्या मिठाचा ३५ चा क्लोरीन जोडले गेले की तेही ७५ च होतात. म्हणून वाटेत हेलियम भरलेला कक्ष ठेवतात. आकाराने मोठे असलेले जोड-आयन त्यात अधिक वेळा आपटतात, ऊर्जा गमावतात आणि मागे अडवले जातात. ही सोय न वापरता खारट नमुन्यात आर्सेनिक मोजले, तर उत्तम यंत्रही खोटा आकडा देते.

नळीबाबत मात्र आपले निम्मे म्हणणे मला मान्य आहे. शिसे बहुतांशी तांबड्या पेशींत असल्यामुळे ते अखंड रक्तात मोजतात, आणि त्यासाठी शिशाच्या दृष्टीने तपासलेली ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) नळी पुरते. सर्वच तपासण्यांना निळी नळी हवी, हे माझे सरसकट विधान चुकले होते. लेखात दुरुस्ती केली आहे. जस्ताला मात्र ती हवीच, कारण रबर पक्के करताना झिंक ऑक्साइड वापरतात आणि साध्या टोपणातून जस्त रक्तात उतरू शकते.

आपण पुरावा म्हणून दिलेल्या अहवालात सीरममधील जस्त वाढलेले आहे आणि तळाशी ‘नमुना हिमोलाइज्ड’, म्हणजे तांबड्या पेशी फुटलेला, असा शेरा आहे. तांबड्या पेशींत सीरमच्या दहा पटींहून अधिक जस्त असते. पेशी फुटल्या की ते बाहेर येते. त्या आकड्यावरून आहार बदलू नका. सकाळी उपाशीपोटी, निळ्या नळीत पुन्हा रक्त द्या, आणि सीरम लवकर वेगळे करतात का, एवढे आधी विचारून घ्या.