आजी, दर सेकंदाला बारा

माझी आजी बसमध्ये चढत नव्हती. खऱ्या आयुष्यात ती कमरेला पदर खोचून, दोन्ही बाजूंना कोपरं चालवत सगळ्यांच्या आधी आत असायची. माझ्या सिनेमात मात्र ती तीन आठवडे पायरीसमोर अधांतरी लटकलेली होती.

सिनेमा म्हणजे आठ सेकंदांचा. आजी धावत येते, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरते, आत चढते, बस सुटते. संपला. आजी मी कागदावर पेन्सिलीने काढायची आणि बस कॉम्प्युटरने करायची, अशी आमची वाटणी. ही अक्कल माझी नव्हे. १९८६ सालच्या 'द ग्रेट माउस डिटेक्टिव्ह' या डिस्नेपटात बिग बेन घड्याळाच्या पोटातली दातेरी चाकं कॉम्प्युटरवर मांडली होती आणि त्यात पळणारे उंदीर हाताने काढले होते. कारण सरळ आहे. उंदीर थोडा वाकडा झाला तरी उंदीरच राहतो, चाक वाकडं झालं की लगेच कळतं. वळणारी बस खिडक्यांसकट हाताने काढून बघा. पाचव्या चित्रात ती पिळून वाळत घातलेल्या चादरीसारखी दिसते. माझी चौथ्यातच दिसली.

एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात. हाताने काढणारे लोक एकच चित्र दोन फ्रेम दाखवतात आणि बारात भागवतात. हा कामचुकारपणा नव्हे, जुनी रीत आहे. तरी आठ सेकंदांच्या ९६ आज्या होतात. जेवणाच्या टेबलाची काच, खाली ट्यूबलाइट, असा लाइटबॉक्स मांडला आणि आम्ही महिनाभर ताटं मांडीवर घेऊन जेवलो. कागद एकावर एक तंतोतंत बसावेत म्हणून भोकं पाडून खुंट्यांत अडकवायचे असतात. आमच्या घरच्या पंचिंग मशीनला मात्र स्वतःची मतं होती. पहिल्या तीस आज्या चालवून पाहिल्या तर आजी उभ्या जागी लटलट कापत होती.

"थंडी वाजतेय का त्यांना?" बायकोने विचारलं.

इकडे ब्लेंडरमध्ये बस तयार झाली. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळे आपण किती रात्री घालवल्या याचा हिशेब लागत नाही. बस देखणी होती, आणि तीच पंचाईत झाली. कडा पट्टीने आखल्यासारख्या, पत्रा असा की भांग पाडून घ्यावा. तिच्याशेजारी माझी पेन्सिलीची आजी म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये चुकून शिरलेली कुणीतरी वाटायची. मग वाचनात आलं की १९९९ च्या 'द आयर्न जायंट'मध्येही हेच झालं होतं. माणसं हातची, लोखंडी राक्षस कॉम्प्युटरचा, आणि राक्षसाच्या रेषा फार स्वच्छ. तिथल्या मंडळींनी त्या रेषा किंचित डळमळाव्यात म्हणून खास प्रोग्राम लिहिला. शाळेत चित्रकलेच्या सरांनी ज्या थरथरीबद्दल मला दहापैकी दोन दिले, ती थरथर मी आता मशीनला शिकवायला बसलो. जरा जास्त झाली की बस भिजलेल्या पुठ्ठ्याची वाटे, जरा कमी झाली की पुन्हा शोरूमची. त्या सरांना दाखवायला हवं होतं.

खरी परीक्षा रुमालाची. आजीचा हात बसच्या बाहेर, म्हणजे बसच्या पुढे. रुमाल खिडकीच्या आत, म्हणजे बसच्या मागे. आणि अधल्यामधल्या सात चित्रांत मनगट बाहेर, बोटं आत. चित्र सपाट, बस खोल. एका कागदावर हे जमणं शक्यच नाही. शेवटी आजीची बोटं तोडून वेगळ्या कागदांवर काढली आणि बसच्या आतल्या बाजूला नेऊन लावली. पहाटे पाणी प्यायला उठलेल्या आईला ट्यूबलाइटच्या उजेडात टेबलावर तिच्या सासूची सुटी बोटं दिसली. ती काही बोलली नाही. फक्त देवाजवळचा दिवा लावला, एरवीपेक्षा दोन तास आधी.

बस सुटली तेव्हा नवीनच तिढा. बस सेकंदाला २४ वेळा पुढे सरकणारी, खिडकीतली आजी बारा वेळा. बस पुढे जायची, आजी मागे राहायची, मग उडी मारून खिडकी गाठायची, पुन्हा मागे. तिचं डोकं गजाला आपटतंय असं दिसे. दोन रविवार मी आजीला सुधारत बसलो. तिसऱ्या रविवारी चिडून बसलाच खाली आणलं: तूही बारा. आणि काय सांगू, बस एकदम आमच्या घाटातली झाली! गचके खात, खडखडत, आजीला घेऊन निघाली. शिवाय एका फ्रेमला चार मिनिटं याप्रमाणे पावणेतेरा तासांचं रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरने एकेक फ्रेम चितारून काढणं, साडेसहा तासांवर आलं. रात्रभर लॅपटॉपचा पंखा घों घों करत होता, आणि वीज गेली नाही याचं मला अजून नवल वाटतं.

सकाळी घरच्यांना बसवून दाखवलं. बायको म्हणाली, छान आहे, पण सुरू कधी होतंय? आठ सेकंद संपली होती. पुन्हा लावलं. आईने चष्मा पुसला, तिसऱ्यांदा लावायला सांगितलं, आणि स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हे काय टाकतात त्या?"

"रुमाल. जागा धरायला."

"अरे, रुमाल कसला! रुमाल उडून जायचा म्हणून त्या पिशवी टाकायच्या. खाकी, नाडीची."

मी मुकाट्याने पंचिंग मशीन शोधायला उठलो. पिशवी म्हणजे वजन आलं, वजन आलं की खांदा आधी खाली जाणार, मग वर. म्हणजे रुमालाची एकवीस चित्रं रद्द, बोटांसकट.

"आणि ऐक," आई आतून म्हणाली, "पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर आलेल्या दाखव. खिडकीत अडकायच्या त्या."