भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो

‘११ महिन्यांच्या कराराला नोंदणी नको, नोटरीचा शिक्का पुरे’ हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला महाराष्ट्रात चुकीचा आहे. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे ती १९०८ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यात. इथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ लागतं: मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदलेलाच हवा. जबाबदारी घरमालकाची, चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खरी गोची नंतर होते. अनामत किती ठरली होती यावर वाद पेटला, की नोंदणीअभावी भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोडून काढायचं ओझं मालकावर. आणि हो, पोलिस ठाण्यात दिलेली भाडेकरूची माहिती म्हणजे नोंदणी नव्हे.